भाजलेल्यांच्या उपचारांत आधी काय शोधायचं, हे ठरवतं कोण?

२०२२ साली एका मोठ्या वैद्यकीय चाचणीचा निकाल जाहीर झाला. ग्लुटामिन नावाचा प्रथिनांचा एक घटक आहे. गंभीर भाजलेल्या माणसाच्या शरीरात तो झपाट्याने कमी होतो. तेव्हा तो बाहेरून दिला तर रुग्ण लवकर बरा होईल, असा तर्क होता. काही लहान अभ्यासांतून तशी आशाही दिसली होती. मग १४ देशांतल्या ५४ जळीत केंद्रांनी एकत्र येऊन १२०० हून जास्त रुग्णांवर तो नीट तपासला. रुग्ण काही लवकर घरी गेले नाहीत. तयारीपासून निकालापर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला होता.

ही मेहनत वाया गेली असं मुळीच नाही. ज्याचा उपयोग नाही ते देणं थांबवता येतं, हाही मोठा फायदा आहे. पण अशा चाचण्या मोजक्याच होऊ शकतात. गंभीर भाजलेले रुग्ण एकेका रुग्णालयात थोडेच येतात. त्यामुळे पुरेसे रुग्ण मिळवायला अनेक देशांतली रुग्णालयं जोडावी लागतात, आणि त्याला पैसा, माणसं आणि वर्षं लागतात. एक प्रश्न हाती घेतला की बाकीचे रांगेत मागे राहतात. ही रांग लावतं कोण?

जळीत उपचारांच्या क्षेत्रात सध्या याच रांगेचा विचार सुरू आहे. बातम्यांत तो ‘संशोधनाचे प्राधान्यक्रम’ अशा जड नावाने येतो आणि वाचणारा पान उलटतो. मुद्दा मात्र साधा आहे. पैसा आणि वेळ मर्यादित आहे, तर आधी काय शोधायचं? आणि ते ठरवताना कोणाकोणाला विचारायचं?

भाजणं कातडीवर थांबत नाही

त्वचा शरीरातलं पाणी आत धरून ठेवते, जंतूंना बाहेर ठेवते आणि तापमान सांभाळते. मोठ्या भागावरची त्वचा गेली की ही तिन्ही कामं एकाच वेळी बंद पडतात.

भाजणं किती गंभीर आहे हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: ते किती खोल आहे आणि किती पसरलेलं आहे. फक्त वरचा थर भाजला तर काही दिवसांत बरं वाटतं आणि मागे खूण राहत नाही. मधल्या थरापर्यंत गेलं तर फोड येतात आणि वेदना असह्य असतात. त्वचेची पूर्ण जाडीच जळली तर तिथल्या मज्जातंतूंची टोकंही जळून जातात, म्हणून तो भाग दुखत नाही. हे फसवं असतं. दुखत नाही म्हणजे फार लागलं नाही, असं घरच्यांना वाटतं, आणि खरं तर तीच जखम सगळ्यांत वाईट असते. ती बहुधा आपणहून भरून येत नाही. रुग्णाच्याच अंगावरची चांगली त्वचा पातळ सोलून तिथे लावावी लागते. याला त्वचारोपण म्हणतात.

पसारा टक्क्यांत मोजतात. ज्याला भाजलं त्याचाच हात घ्यायचा: बोटांसकट त्याचा तळहात म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण १ टक्का. प्रौढ माणसाचं २० टक्क्यांहून जास्त अंग भाजलं की सगळं शरीर हादरतं. बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, रक्तातलं पाणी आजूबाजूच्या भागात झिरपतं, न भाजलेले अवयवही सुजतात आणि रक्तदाब घसरतो. पहिले दोन दिवस यातून निभावले तर पुढे कित्येक आठवडे जंतुसंसर्गाची टांगती तलवार असते. शरीर आतून इतकं तापलेलं असतं की दंडा-मांड्यांचे स्नायू वितळल्यासारखे कमी होतात.

यातून वाचलेला माणूस घरी जातो, आणि दुसरंच काही सुरू होतं. भरलेली जखम जाड होते, लाल होते, आवळते. मानेवरचा व्रण हनुवटीला खाली ओढतो, काखेतला व्रण हात वर उचलू देत नाही. रात्र रात्र खाज सुटते. घाम येणाऱ्या ग्रंथी जळून गेलेल्या असतात, म्हणून ऊन सहन होत नाही. आरशासमोर जाणं, शाळेत परतणं, कामावर रुजू होणं, गर्दीत लोकांच्या नजरा झेलणं, हे सगळं त्याच माणसाला पेलायचं असतं. रुग्णालयाच्या कागदावर मात्र घरी सोडल्याच्या तारखेला उपचार संपलेले असतात.

हे एवढ्या विस्ताराने सांगण्याचं कारण आहे. शल्यचिकित्सक, रोज ड्रेसिंग बदलणारी परिचारिका, व्यायाम करवून घेणारे फिजिओथेरपिस्ट, भाजलेला माणूस आणि त्याची रात्र जागून काढणारी आई यांना या आजाराचे वेगवेगळे तुकडे दिसतात. ‘सगळ्यांत मोठा प्रश्न कोणता?’ असं विचारलं तर पाच जण पाच उत्तरं देतील आणि ती पाचही खरी असतील.

इतक्या वर्षांनीही हे ठाऊक नाही?

जळीत उपचारांत गेल्या शंभर वर्षांत फार मोठी मजल मारली गेली, यात शंका नाही. पूर्वी जळालेली मेलेली त्वचा आपोआप सुटून येईपर्यंत आठवडेच्या आठवडे वाट पाहायचे आणि तोवर जंतू आपलं काम साधायचे. स्लोव्हेनियातल्या मारिबोर शहरात झोरा यांझेकोविच या शल्यचिकित्सक बाईंनी पहिल्या काही दिवसांतच ती त्वचा थराथराने तासून लगेच त्वचारोपण करायला सुरुवात केली. १९७० मध्ये त्यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि पुढे जगभरची पद्धत बदलली.

तरीही अगदी पायाभूत गोष्टी अजून अनिश्चित आहेत. पहिल्याच दिवसाचं उदाहरण घ्या. रक्तवाहिन्या गळत असताना शिरेतून किती द्रव द्यायचा? अमेरिकेतल्या डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयातल्या चार्ल्स बॅक्स्टर यांनी १९६० च्या दशकात एक सूत्र मांडलं. किलोतलं वजन गुणिले भाजल्याची टक्केवारी गुणिले ४, म्हणजे पहिल्या २४ तासांचे मिलिलिटर. ७० किलोच्या माणसाचं ४० टक्के अंग भाजलं असेल तर ११,२०० मिलिलिटर, म्हणजे ११ लिटरहून जास्त. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत द्यायचं, आणि ते तास भाजल्या क्षणापासून मोजायचे, रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्हे. या सूत्राने असंख्य जीव वाचवले. पण पुढे लक्षात आलं की प्रत्यक्षात अनेक रुग्णांना सूत्राच्याही वर द्रव जातो आणि त्यामुळे पोट, फुप्फुसं, हातपाय सुजून नवीन संकटं उभी राहतात. आता चारऐवजी दोनने गुणून सुरुवात करण्याकडे कल वाढतो आहे. चार आणि दोन! अर्ध्या शतकाहून जास्त काळ रोज वापरात असलेल्या सूत्रात दुपटीचा फरक अजून वादात आहे.

त्याच्याच शेजारी एक प्रश्न आहे, आणि मला तो या सगळ्यांत मोलाचा वाटतो. जिथे सलाईनच्या बाटल्या नाहीत, शीर शोधून सुई लावणारं माणूस नाही किंवा मोठ्या दुर्घटनेत एका वेळी शेकडो जखमी आले आहेत, तिथे क्षार-साखरेचं पाणी तोंडाने पाजून कितपत भागेल? जुलाबांच्या आजारात या पाण्याने काय किमया केली ते जगाने पाहिलं आहे. भाजलेल्यांवरचे जे अभ्यास झाले ते लहान आहेत. त्यांनी आशा दाखवली, पण किती टक्के भाजलेल्याला, किती वेळ, किती प्रमाणात, हे ठामपणे सांगण्याएवढं बळ त्यांच्यात नाही.

मलमांचीही हीच गत आहे. सिल्व्हर सल्फाडायझिन हे पांढरं मलम १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभर वापरात आहे. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१३ मध्ये जळीत जखमांवरच्या ड्रेसिंगचा आढावा घेतला. काही नव्या ड्रेसिंगशी तुलना केली तर या मलमाखाली जखम उशिरा भरते, असं चित्र त्यातून दिसलं. तरी ते वापरलं जातंच, कारण ते स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतं. मग ज्या रुग्णालयाला महागडी ड्रेसिंग परवडत नाहीत, तिथे उपयोगाचा प्रश्न वेगळाच ठरतो: परवडणाऱ्या गोष्टींमधलं चांगलं काय? हा प्रश्न फार कमी लोकांनी विचारला आहे.

आणि खाज? भाजून बऱ्या झालेल्या बहुतेकांना ती छळते, काहींना कित्येक वर्षं. ज्यांनी ती भोगली नाही त्यांना ती किरकोळ वाटते, म्हणूनच बहुधा ती रांगेत इतकी मागे राहिली.

रांग आजवर कशी लागली?

कोणी मुद्दाम कट करून ती लावली नाही. औषध कंपनी स्वाभाविकच विकता येईल अशा गोष्टीवर पैसा लावते. विद्यापीठातला संशोधक स्वतःला कुतूहल असलेल्या आणि अनुदानाच्या तीन-चार वर्षांत संपेल अशा प्रश्नाकडे वळतो. रुग्णालयातला डॉक्टर समोर सहज मोजता येईल ते मोजतो. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबरच असतं. पण एकूण बेरीज चुकते.

किती चुकते? इयान चाल्मर्स आणि पॉल ग्लाझियू या दोघांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अंदाज मांडला: वैद्यकीय संशोधनावरची सुमारे ८५ टक्के गुंतवणूक टाळता येण्याजोग्या कारणांनी वाया जाते. प्रश्न चुकीचा निवडला जातो, अभ्यासाची आखणी ढिसाळ असते, निकाल प्रसिद्धच होत नाहीत किंवा वापरता येणार नाहीत अशा पद्धतीने लिहिले जातात. यातलं पहिलं कारण, चुकीचा प्रश्न, सगळ्यांत क्लेशदायक आहे, कारण त्यापुढचं सगळं उत्तम झालं तरी हाती काही लागत नाही.

२०१५ मधल्या एका अभ्यासाने ही दरी आकड्यांत दाखवली. वेगवेगळ्या आजारांचे रुग्ण आणि त्यांचे डॉक्टर यांनी मिळून ठरवलेल्या प्राधान्याच्या प्रश्नांमध्ये औषधं-लशींसारख्या उपचारांचा वाटा १८ टक्के होता. सार्वजनिक पैशावर चाललेल्या चाचण्यांमध्ये तो ३७ टक्के निघाला, आणि कंपन्यांच्या चाचण्यांमध्ये ८६ टक्के. लोकांना व्यायाम, शस्त्रक्रिया, मानसिक आधार, सेवेची पद्धत यांविषयी जाणून घ्यायचं होतं, आणि संशोधन गोळीभोवती फिरत होतं.

जळीत उपचारांत तर साधं पाणी हेच उदाहरण आहे. भाजल्यावर लगेच, निदान पहिल्या तीन तासांत, २० मिनिटं वाहतं थंड पाणी (बर्फ नव्हे) धरावं, असा सल्ला आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये सुमारे २५०० भाजलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि त्याचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जखमेवर असं पाणी पुरेसा वेळ धरलं गेलं, त्यांना त्वचारोपणाची गरज कमी पडली. इतका परिणाम एखाद्या नव्या औषधाने दाखवला असता तर त्याच्या जाहिराती सगळीकडे झळकल्या असत्या. पाण्याला मालक नाही, म्हणून त्यावरच्या संशोधनाला पैसा लावायला कोणी पुढे येत नाही.

आणखी एक अडचण मोजमापाची आहे. तीन शेतकऱ्यांनी आपलं धान्य आणलं. एकाने किलोत मोजलं, दुसऱ्याने पायलीत, तिसरा नुसता म्हणाला ‘चार पोती’. पोतं केवढं ते कोणालाच माहीत नाही. आता एकूण धान्य किती? जळीत उपचारांच्या चाचण्यांचं असंच झालं. कोणी जखम भरायचे दिवस मोजले, कोणी व्रणाची जाडी, कोणी रुग्णालयातला मुक्काम. ‘जखम भरली’ म्हणजे काय याचीही प्रत्येकाची व्याख्या वेगळी. शेकडो वेगवेगळी मापं निघाली आणि बहुतेक अभ्यास एकाच रुग्णालयातले, मोजक्या रुग्णांचे, त्यामुळे बेरीज अशक्य. यावर उतारा म्हणून अलीकडे रुग्ण आणि तज्ज्ञांनी मिळून किमान सामायिक मापं ठरवली आहेत: मृत्यू, गुंतागुंत आणि जखम भरणं तर आहेच, पण मज्जातंतूंची वेदना आणि खाज, रोजची कामं करता येणं, मनाची अवस्था, शाळेत-कामावर परतणं हेही त्यात आलं. खाज या यादीत आली ती रुग्णांना विचारलं म्हणून, असं मी मानतो.

शेवटची तफावत भूगोलाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे १,८०,००० माणसं भाजून मरतात आणि त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश मृत्यू आफ्रिका आणि आग्नेय आशिया या तिच्या दोन विभागांत होतात. प्रसिद्ध होणारं संशोधन मात्र मोठ्या प्रमाणात श्रीमंत देशांतलं असतं. दहा माणसांमागे एक परिचारिका असलेल्या कक्षात जे प्रश्न पडतात, ते दोन माणसांमागे एक परिचारिका असलेल्या कक्षात पडतच नाहीत.

तक्रारीतून संशोधनाचा प्रश्न कसा घडतो

ब्रिटनमध्ये २००४ साली ‘जेम्स लिंड अलायन्स’ नावाचा उपक्रम सुरू झाला. संशोधनातली नासाडी मोजणारे चाल्मर्स त्याच्या संस्थापकांपैकी एक. ज्यांच्या नावावरून तो ओळखला जातो ते लिंड हे जहाजावरचे शल्यचिकित्सक. स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या त्यांनी १७४७ मध्ये सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री-लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. तुलना करून उत्तर शोधण्याचं हे जुनं आणि सुंदर उदाहरण आहे.

अलायन्सची पद्धत आज अनेक आजारांसाठी वापरली जाते. जळीत उपचारांसाठीही ती जागतिक पातळीवर वापरली गेली आहे. आधी रुग्ण, त्यांचे घरचे आणि उपचार करणारे यांची एक समिती बसते. मग सगळ्यांना खुला प्रश्न जातो: भाजण्याच्या उपचारांबद्दल तुम्हाला कशाचं उत्तर हवं आहे? हजारो ओळी येतात, आणि त्या प्रश्नाच्या रूपात क्वचितच असतात. ‘ड्रेसिंग सोडताना मुलगी इतकी किंचाळते की मी बाहेर पळून जाते.’ ‘रात्री खाजवून खाजवून रक्त येतं.’ ‘नळीने अन्न देतो ते कधी सुरू करायचं यावर आमच्या कक्षात रोज वाद.’ मी इथे नमुन्यादाखल लिहिली आहेत, पण धाटणी अशीच असते.

खरं कौशल्य पुढे लागतं. ‘रात्री खाजवून रक्त येतं’ या वाक्याचा प्रश्न होतो तो असा: जखम भरून आलेल्या व्यक्तींमध्ये अमुक औषध किंवा मालिश किंवा दाब देणारे घट्ट कपडे, यांपैकी कशाने सहा महिन्यांनंतरची झोप सुधारते? कोणाला, काय दिलं, कशाशी तुलना केली आणि काय मोजलं, या चार गोष्टी त्यात आल्या. कुरकुर तीच आहे, पण आता तिच्यावर चाचणी उभी राहू शकते. असं करताना मूळ माणसाचं दुखणं हरवू नये, हे फार जपावं लागतं. तो झोपेबद्दल बोलला होता. चाचणीत त्वचेची लाली मोजून चालणार नाही.

नंतर प्रत्येक प्रश्न आधीच्या पुराव्यांशी ताडून पाहतात. उत्तर असेल तर तो बाद. ते उत्तर लोकांपर्यंत पोहोचलं का नाही, ही वेगळी आणि तितकीच गंभीर बाब. उरलेल्या प्रश्नांवर पुन्हा लोकांची पसंती घेतात आणि शेवटी रुग्ण, घरचे व उपचार करणारे एका टेबलाभोवती बसून पहिले दहा ठरवतात. तिथे प्राध्यापकाचं मत आणि भाजलेल्या माणसाचं मत सारखंच मोजलं जातं. औषध-उपकरणं विकणाऱ्यांना मत नसतं.

‘रुग्णाला विज्ञान काय कळतं?’

ही पहिली शंका, आणि बरेच डॉक्टर ती मनापासून घेतात. तिच्यात एक गल्लत आहे. रेणू कुठे बसतो, चाचणीत किती माणसं हवीत, आकडेवारी कशी करायची, हे रुग्णाला विचारलं जातच नाही. ते तज्ज्ञांचंच काम आहे. रुग्णाला विचारलं जातं ते एवढंच: कशाचं उत्तर मिळालं तर तुझं जगणं बदलेल? या विषयात त्याच्याइतका अनुभवी माणूस दुसरा नाही. शिवाय टेबलाशी डॉक्टर आणि परिचारिकाही असतात. तेही आपला आग्रह मांडतात, आणि एकमेकांचं ऐकून दोन्ही बाजूंचं मत बदलतं.

‘जे वाचले नाहीत त्यांच्या वतीने कोण बोलणार?’

ही शंका मला पहिलीपेक्षा कितीतरी वजनदार वाटते. पाहणीचा अर्ज भरायला माणूस जिवंत लागतो, वाचता यावं लागतं, इंटरनेट लागतं, बहुतेक वेळा इंग्रजीही लागतं. ज्याचं ७० टक्के अंग भाजलं आणि जो चौथ्या दिवशी गेला, त्याचा प्रश्न यादीत येत नाही. तान्ही बाळं बोलत नाहीत. ज्या बाईला कोणीतरी पेटवलं, तिला आपल्या भाजण्याबद्दल मोकळेपणाने लिहिण्याची मुभा नसते. परिणामी व्रण, खाज, मन हे प्रश्न वर येतात आणि पहिल्या ४८ तासांत जीव कसा वाचवायचा हा प्रश्न मागे पडण्याचा धोका राहतो.

म्हणून काही पथ्यं पाळावी लागतात. पाहणी अनेक भाषांत करायची. लिहिता येत नाही त्याच्याजवळ बसून त्याचं ऐकून लिहून घ्यायचं. गेलेल्यांच्या घरच्यांना बोलवायचं, अर्थात त्यांची तयारी असेल तरच. मृत्यू रोज जवळून पाहणाऱ्या अतिदक्षता विभागातल्या माणसांना टेबलाशी बसवायचं. आणि यादी जाहीर करताना कोण बोललं, कोण राहून गेलं, हे उघड सांगायचं. एवढं करूनही यादी अपुरी राहणारच. पण याआधी या लोकांना कोणी विचारतच नव्हतं, हेही विसरू नये.

‘मग अनपेक्षित शोधांचं काय?’

१९७० च्या दशकात हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड हे उंदरातल्या एका गाठीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवत होते. त्यात त्यांना त्वचेसारख्या पेशींचे पुंजके वाढताना दिसले. भाजलेल्यांचा विचार त्यामागे नव्हता. त्यातूनच माणसाच्या त्वचेच्या पेशी काचेच्या तबकडीत वाढवण्याची रीत सापडली आणि १९७५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १९८४ मध्ये बातमी आली की ९५ टक्क्यांहून जास्त अंग भाजलेली दोन मुलं, त्यांच्याच थोड्याशा पेशींपासून वाढवलेल्या त्वचेच्या पातळ पापुद्र्यांनी झाकून वाचवण्यात आली. लोकांना विचारून केलेल्या कोणत्याही यादीत ‘उंदराच्या गाठीचा अभ्यास करा’ असं आलं नसतं.

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पळवाट काढू नये. कुतूहलासाठी पैसा स्वतंत्र राखून ठेवायलाच हवा. प्राधान्याची यादी लागू होते ती रुग्णांवर थेट केल्या जाणाऱ्या उपचारांच्या संशोधनाला. तिथेच रुग्णांचं शरीर, वेळ आणि वेदना खर्ची पडतात, आणि म्हणून तिथे त्यांना विचारणं बंधनकारक मानावं, असं माझं मत आहे. शिवाय वाढवलेली ती त्वचा महाग आणि नाजूक आहे. ती कोणाला, कधी लावायची, हा प्रश्न शेवटी यादीतच येऊन बसतो.

‘आधी भाजणंच का थांबवत नाही?’

थांबवायलाच हवं. सुरक्षित चुली आणि दिवे, धुराची सूचना देणारी यंत्रं, गरम पाण्याच्या तापमानावर मर्यादा, यांनी जीव वाचतात. पण आज भाजलेला माणूस कक्षात पडलेला आहे आणि उद्याही कोणीतरी असेल. ही दोन कामं एकमेकांचे पैसे खाणारी म्हणून मांडू नयेत.

यादी झाली, पुढे?

इथे मात्र बाजू लंगडी आहे. लिंड यांनी १७४७ मध्ये उत्तर पाहिलं, १७५३ मध्ये छापलं, आणि ब्रिटिश आरमाराने खलाशांना लिंबाचा रस नेमाने द्यायचं ठरवलं ते १७९५ मध्ये. उत्तर सापडल्यावर ही अवस्था, तर नुसत्या प्रश्नांच्या यादीचं काय होणार? निधी देणाऱ्या काही सार्वजनिक संस्था अशा याद्या पाहून संशोधनाचे प्रस्ताव मागवतात, आणि काही प्रश्नांवर चाचण्या उभ्याही राहतात. बाकीचे कागदावरच राहतात, कारण यादी कोणावरही बंधनकारक नसते. प्रस्ताव मंजूर करताना ‘हा प्रश्न कोणी मागितला?’ हा रकाना निधी देणाऱ्या प्रत्येक संस्थेने सक्तीचा केला तर चित्र बरंच बदलेल.

तोवर एक गोष्ट सामान्य माणसाच्या हातात आहे. आपल्याला किंवा आपल्या माणसाला एखाद्या चाचणीत भाग घ्यायला सांगितलं, तर संमतीच्या कागदावर सही करण्याआधी विचारा की हा प्रश्न कोणी निवडला, त्यात भाजलेल्या माणसांना विचारलं होतं का, याचं उत्तर आधीच मिळालेलं नाही ना हे कोणी तपासलं, आणि शेवटी काय मोजणार आहात. निकाल आमच्या बाजूने लागो वा न लागो, तो छापणार का, हेही विचारा. डॉक्टर चांगले असतील तर त्यांना या प्रश्नांचा राग येणार नाही. यातल्या एखाद्याचं उत्तर त्यांच्याकडे नसेल, तर ते त्यांनी चाचणी आखणाऱ्यांना विचारावं, आणि ते येईपर्यंत सही थांबवायला हरकत नसते.